मोठी बॅटरी तयार ठेवा

कोल्हापूरचा माणूस मालवणला जातो तो मासे खायला. घाट उतरेपर्यंत तो तांबड्या रश्शाच्या बढाया मारतो आणि परत येताना बांगड्याच्या. मी मात्र गेलो एक आवाज ऐकायला. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दुकानात दिवसभर रेडिओ कोकलत असतात, ते कमी पडतात का? तिचंही बरोबर होतं. मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आवाजावर पोट भरणाऱ्यानं आवाज शोधत शंभर मैल जावं, हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे.

पण झालं होतं असं. दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकाचा मोठा सेट दुकानात आला होता. शॉर्टवेव्हची सुई जुळवत असताना एका ठिकाणी गिटार लागली. गिटार म्हणजे आपल्याकडं लग्नात वाजते ती हवाईयन नव्हे. एक सूर उठला आणि उठतच राहिला. घार पंख न हलवता वर वर जाते ना, तसा. शब्द नव्हते, गाणं म्हणावं असं काही नव्हतं. खाली ऑर्गनसारखं काहीतरी धरून ठेवलेलं, आणि त्याच्यावर हा सूर आपला सावकाश तरंगतोय. सात-आठ मिनिटं चाललं असेल. मग खरखर वाढली, कुणीतरी परक्या भाषेत बोललं आणि स्टेशन गेलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून मी बसलो होतो. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

पुढं वर्षभर मी सुई त्या जागेवर फिरवून बघितली. रेकॉर्डवाल्यांकडं गेलो. तोंडानं ऊं ऊं करून दाखवलं की ते हवाईयन गिटारीच्या रेकॉर्डी पुढं टाकायचे. एका बँडवाल्यानं सनई काढून दाखवली. सगळ्यांनी आपल्या परीनं मदत केली, आणि मी प्रत्येकाच्या दुकानातून वेडा ठरून बाहेर पडलो.

मग डिसेंबरात पास्कू आला. मालवणकडचा ख्रिश्चन तरुण, तिशीच्या आतबाहेरचा, बहिणीकडं कोल्हापुरात आलेला. विजेशिवाय चालेल असा ॲम्प्लिफायर करून मिळेल का, म्हणून विचारायला लागला. कशासाठी विचारलं तर म्हणाला, इलेक्ट्रिक गिटारसाठी. मी कामं बाजूला सारली आणि त्याच्यापुढं ऊं ऊं करून दाखवलं. तो हसला नाही. मान एका बाजूला करून त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ता माका येता." बोटीवरच्या बँडात असताना हे नव्या तऱ्हेचं वाजवणं तो एका परदेशी माणसाकडून शिकला होता. रात्रीच्या जेवणानंतर डेकवर लोक उभे राहून ऐकायचे म्हणे. गिटार गावी घरी होती. ॲम्प्लिफायर बोटीच्या मालकीचा, तो बोटीबरोबर गेला.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. ते ऐकल्यावर मला त्याचं काम नाकारणं शक्यच नव्हतं.

पास्कूचे वडील त्यांच्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणाऱ्यांना शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. तिकडं अशा माणसाला मेस्त्री म्हणतात. डाव्या हाताची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा त्यांनी आपलं व्हायोलिन बोटीवर निघालेल्या मुलाला दिलं. मुलानं काय करावं? कुठल्याशा बंदरात ते देऊन त्याच्या बदल्यात ही गिटार घेतली. तीन वर्षांपूर्वी घरी आला, पेटी उघडली. बापानं म्हटलं, वाजव. त्याच्या वाडीत वीज नाही. आणि ही गिटार म्हणजे भरीव फळी, तिला पोट नाही. विजेवाचून वाजवली तर टिक टिक, एवढंच. शेजारीपाजारी जमले होते ते हसले. कुणीतरी त्याचं नाव मूस ठेवलं. मूस म्हणजे माशी. बाप हसला नाही. "ह्या फळकुटाक माझो व्हायोलिन दिलंस?" एवढंच म्हणाला आणि आत गेला. तेव्हापासून बापलेक पेजेबद्दल बोलायचे, माडांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. संगीताचा शब्द नाही.

मी म्हटलं, मालवण शहरात आता वीज आली आहे ना, तिथं वाजव की. तर म्हणाला, मालवणात वाजवून काय करू, म्हातारा तिथं येणार नाही. मी त्याला सांगितलं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर करून देतो. मजुरी एवढीच की पहिल्यांदा वाजवशील तेव्हा मी समोर पाहिजे.

शुक्रवार, घाटाखाली

एकोणसत्तरचा मे महिना. पास्कूचं पत्र आलं की पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं बुधवारी तो मुंबईला निघणार. बोटीवर नोकरी मिळाली होती, पण बँडात नव्हे, भटारखान्यात. परत यायला दोन वर्षं. म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मी कार्ड टाकलं: 'शुक्रवारी येतो. यंत्र तयार आहे. मोठी बॅटरी तयार ठेवा. भरलेली असावी.' आणि दुकानाला सोमवारपर्यंत कुलूप लावून फोंडा घाटाची एस.टी. धरली.

यंत्र मांडीवर होतं. प्लायवूडच्या पेटीत आठ इंची स्पीकर, ट्रान्झिस्टर, आणि मागच्या बाजूला आडव्या टांगलेल्या दोन स्प्रिंगा. ह्या स्प्रिंगांवर माझा जीव. आवाज त्यांच्यातून फिरून आला की विहिरीत हाक मारल्यासारखा लांबतो. तीन महिने नाना तऱ्हेच्या स्प्रिंगा लावून बघितल्या होत्या. कणकवलीला गाडी बदलल्यावर शेजारी एक बाई बसल्या, त्यांनी न विचारता माझ्या पेटीवर आंब्यांची करंडी ठेवली. मी म्हटलं, बाई, आत नाजूक सामान आहे. त्या म्हणाल्या, माझे आंबे काय दगड आहेत? मालवणी माणसाला काही म्हटलं की उत्तर प्रश्नातच मिळतं, हे मला पुढं चार दिवस अनुभवायचं होतं.

मालवणच्या स्टँडवर पास्कू उभा. तिथून होडीनं खाडी ओलांडून वाडी. आमच्याकडं घराला घर चिकटून, भांडणं सुद्धा भिंतीआडून ऐकू येतात. इथं घर दिसलं तरी त्याच्या माणसाला हाक मारायची तर खणखणीत छाती पाहिजे. मध्ये माड, पोफळी, काजू, आणि दोन घरांत एक गडगा, म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण. जमीन तांबडी, पाणी हिरवं. डोळ्यांना एकदम थंड वाटलं.

घरी पास्कूची आई, माय, आणि पडवीत आरामखुर्चीत मेस्त्री. उंच, काटकुळे, पांढरा सदरा गळ्यापर्यंत बंद. मी नमस्कार केला. त्यांनी शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तशा मराठीत, प्रवास कसा झाला विचारलं. माझ्याजवळच्या पेटीकडं एकदा बघितलं आणि यंदा आंबा उशिरा आल्याचं सांगितलं.

जेवायला बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, उकड्या तांदळाचा लालसर भात, सोलकढी. उकडा भात मी पहिल्यांदा खाल्ला. आमच्या आंबेमोहोराच्या कौतुकावर वाढलेल्या जिभेला तो आधी राकट वाटला, दुसऱ्या वाढपाला कळला आणि तिसऱ्याला मी लाज सोडली. बांगड्याचे काटे काढताना माझी जी काय तारांबळ उडाली ती बघून मायनं शेवटी स्वतःच्या हातानं काटे काढून दिले. रेडिओच्या आतली केसाएवढी तार मी डोळे मिटून जोडतो, पण बांगड्यापुढं हात टेकले.

शनिवार, धामापूरपर्यंत आणि परत

सकाळी उठलो तर पास्कू ओट्यावर चिंताग्रस्त. मी चहा विचारला, तो म्हणाला, "वायच थांबा, पाय उठूक नाय." मला वाटलं म्हाताऱ्याला संधिवात पायातही आहे, पाय उठत नाहीत. मी फार हळहळलो. घरचं तेल चांगलं असतं, रात्री चोळा, असं मायला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग पास्कूला हसू आवरेना. तिकडच्या ख्रिश्चन घरांत बापाला 'पाय' म्हणतात. पाय उठले नव्हते, म्हणजे वडील अजून झोपले होते. पुढं दिवसभर 'पाय जेवले', 'पाय रागावले' अशी वाक्यं ऐकताना मला जपून राहावं लागलं.

पास्कूची चिंता बॅटरीची होती. धामापूरचा एक लॉरीवाला जांभ्याचे चिरे वाहायचा, त्यानं बॅटरी द्यायचं कबूल केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळीच तो घेऊन येणार होता, आला नव्हता. म्हणून आम्ही दोन सायकली काढल्या.

धामापूरचं तळं मात्र बघायला हवं. डोंगरांच्या ओंजळीत गच्च झाडी आणि मधे पाणी, आणि काठावर भगवतीचं देऊळ. आमचा रंकाळा मोठा, पण त्याच्या काठाला माणसांची वर्दळ. इथं एक पाणकोंबडी पाण्यात शिरली तरी ऐकू येत होती. मी पायरीवर बसलो आणि तोंडानं तो सूर धरून बघितला. पास्कूनं खालचा सूर धरला. दोन वेडे देवळाच्या पायरीवर ऊं ऊं करत बसलेत, हे बघून गुरव बाहेर आला आणि आम्हाला बरं आहे का विचारून गेला.

लॉरीवाल्याच्या घरी गेलो तर लॉरी नाही. चिरे घेऊन सावंतवाडीकडं गेली ती इन्सुलीच्या नाक्यावर थांबलीय, कागद घरी राहिले म्हणे, आणि कागद घेऊन त्याचा भाऊ आता एस.टी.नं निघालाय. कधी परत येईल? "येतलो तेव्हा इलो म्हणायचा," त्याची बायको म्हणाली. ह्या उत्तरात काहीच चूक नव्हती.

तिथून थेट मालवण. लाउडस्पीकरवाल्याकडं बॅटऱ्या असतात. त्याच्या होत्या तेवढ्या सगळ्या आचऱ्याच्या लग्नात गेलेल्या, मंगळवारी येणार. मे महिना, लग्नं. आमचीच अक्कल कमी. संध्याकाळी परत आलो तेव्हा पास्कू सायकलवरून उतरला आणि हँडल धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, जाऊ द्या हो, नशिबात नाही. सोमवारी तुम्ही जा, बुधवारी मी जातो. मला त्याचा राग आला, त्या लॉरीवाल्याचा आला, लग्न करणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मलाच एक बॅटरी कोल्हापुराहून घेऊन यायला काय धाड भरली होती? ओझं होईल म्हणून नाही आणली. खरं कारण एवढंच.

पास्कूनं गिटार काढून दाखवली. काळी, चकचकीत, सहा तारा, रेडिओला असतात तशा आवाजाच्या दोन खुंट्या. अंगावर पोच नाही, जिवापाड जपलेली. त्यानं एक तार छेडली. टिक. आतून मेस्त्रींचं खाकरणं ऐकू आलं, आणि त्यानं लगेच गिटार पेटीत ठेवली. तीस वर्षांचा गडी, जगभर फिरलेला, आणि बापाच्या खाकरण्यानं असा गप्प झालेला बघून मी उगाचच सायकलीची हवा तपासायला लागलो.

मन दुसरीकडं वळवावं म्हणून मायनं फणस फोडला. बरका, हाताळल्याबरोबर रस गळणारा. मी हाताला तेल न लावता थेट हात घातला. च्यायला, तो चीक! बोटं एकमेकांना चिकटली, मग चमचा चिकटला, मग मी चमचा सोडवायला गेलो तर दुसरा हात. शेजारचे दाजी गडग्यावर बसून हे बघत होते. पिकलेल्या मिशांचा शेतकरी, पास्कूचं नाव मूस ठेवणारा हाच, असं मला आधीच कळलेलं. म्हणाले, कोल्हापूरकरांनी फणस धरला का फणसानं कोल्हापूरकर? मायनं खोबरेल घासून माझी सुटका केली. हसलो मीही, पण आत काही बरं वाटत नव्हतं.

रविवार, खळ्यात

सकाळी घरची मंडळी मीसला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला गेली. मी यंत्र परत गोणपाटात बांधायला घेतलं. नऊच्या सुमारास मंडळी परत आली, कपडे बदलले, घावणे आणि कोरा चहा झाला. गोणपाटाला मी शेवटची गाठ मारत होतो.

तेव्हा मेस्त्री आतल्या खोलीतून बाहेर आले. दोन्ही हातांत भात आसडायचं सूप होतं, आणि ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. सुपात टॉर्च होते. आम्ही ज्यांना बॅटऱ्या म्हणतो ते, हातात धरायचे. पत्र्याचे, पितळी, पोचे गेलेले, एकाला दोरी बांधलेली. अकरा टॉर्च. त्यांच्यात तीन सेलांचा लांबलचक एक सगळ्यात वर, मानानं ठेवलेला.

"तुमी मोठी बॅटरी सांगलास ना?" मेस्त्री म्हणाले. शुद्ध मराठी त्यांनी आज सोडली होती. "एक मोठी गावाक नाय. ह्यो पुरतले काय आजून हाडू?" ह्या पुरतील का अजून आणू, असं ते विचारत होते.

माझं कार्ड आलं तेव्हा पास्कू मुंबईच्या बोटीची कागदपत्रं करायला गेला होता. पोस्टमननं रिवाजाप्रमाणं कार्ड पडवीतच मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठी बॅटरी म्हणजे काय, ह्याबद्दल म्हाताऱ्याला शंका नव्हती. अंधारात वाट दाखवते ती बॅटरी. पास्कूनं नंतर कार्ड वाचलं आणि त्याला लॉरीची बॅटरी दिसली. बापानं आपलं कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, गुपचूप टॉर्च जमवले.

मला आधी हसू फुटलं, कशाला खोटं सांगू. पास्कू खाली बघत होता, कानशिलं लाल. गडग्यावरचे दाजी आत आले होते. त्यांनी पास्कूच्या जवळ जाऊन, हळू पण मला ऐकू येईल असं सांगितलं: "मेस्त्री सोता दारात इलो. आजपर्यंत कोणाकडे काय मागूक नाय तेणी. म्हणालो, माझो झील वाजयतलो हा, तुमची बॅटरी देवा."

माझो झील म्हणजे माझा मुलगा. माझं हसू जिथल्या तिथं थांबलं.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. एक सेल दीड व्होल्टाचा. आठ सेल ओळीनं जोडले की बारा. माझं यंत्र बाराचं. अकरा टॉर्च, काही दोन सेलांचे, काही तीनचे. मी सगळे उघडून जमिनीवर मांडले. सव्वीस निघाले. मीटर लावून एकेक तपासला. दोन अगदीच मेलेले होते. उरले चोवीस, म्हणजे आठ-आठच्या तीन ओळी. मी ओरडलोच की पुरतात, मेस्त्री, पुरतात! म्हाताऱ्यानं मान डोलवली, जणू त्यांना कधी शंकाच नव्हती, आणि परत आत जाऊन बसले. पडवीत नाही, आत. दाराच्या आडोशाला त्यांच्या काठीचं टोक तेवढं दिसत होतं.

सेल घट्ट बसवायचे कशात? दाजींनी जाऊन बांबू आणला, मधोमध चिरला. त्या पन्हळीत सेल असे बसले की जणू बांबू त्यासाठीच वाढला होता. टोकांना तांब्याची तार, पाचर मारून आवळलेली. तारा जोडायला डाग द्यायचं लोखंड मायच्या चुलीत तापवलं. मायनं एकदाही विचारलं नाही की चुलीवरचा भात कधी व्हायचा. दुपार होईपर्यंत आम्ही जोडत होतो, आणि तोपर्यंत टॉर्चांचे मालक एकेक करून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, येऊन बसले होते. आज रात्री त्यांच्यातल्या कुणाकडंच अंधारात पाय टाकायला उजेड राहणार नव्हता.

मी पास्कूला बजावलं, सेल जुने आहेत, चाचणी नाही, एकदम वाजव. पाऊण तास मिळाला तर नशीब. त्यानं गिटार गळ्यात घातली.

बटण दाबलं. खर्र झालं. मग एक सूर आला.

कसा आला ते सांगतो, कारण तिथंच सगळी गंमत. तार छेडताना त्यानं आवाजाची खुंटी पूर्ण बंद ठेवली होती. छेडून झाल्यावर उजव्या हाताच्या करंगळीनं ती सावकाश उघडली. त्यामुळं छेडल्याचा टणत्कार ऐकूच आला नाही. सूर कुठूनही सुरू न होता आला, भरला, माझ्या स्प्रिंगांतून घुमला आणि माडांच्या वर गेला. तो विरायच्या आत दुसरा, त्याच्या अंगाला लागून. पहिला अजून हवेत असताना दुसरा चढायचा. दोन्ही मिळून खाली जे धरून राहायचं ते माझ्या रेडिओतल्या ऑर्गनसारखं. खाडीवर एक होडी चालली होती, तिच्यातल्या माणसानं वल्हं उचलून धरलं.

रेडिओत ऐकलं होतं तेच का हे? नाही. ते बहुतेक मला कधीच सापडणार नाही. पण जात तीच होती, रक्त तेच होतं. मी एक वर्ष वेड्यासारखा हिंडलो त्याचं मला एकदम सार्थक वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी मला बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली, एवढी सभ्यता.

दाराआडचं काठीचं टोक हललं. मेस्त्री उंबरठ्यावर आले. त्यांची नजर पास्कूच्या हातांकडं होती, मग खळ्यातल्या माणसांकडं गेली, परत हातांकडं आली. काहीतरी शोधत होते.

"गज खंय आसा?" ते म्हणाले.

गज म्हणजे व्हायोलिनवर फिरवायची ती घोड्याच्या केसांची काठी. आत बसून त्यांना ती ऐकू आली होती. तारेवर गज टेकल्याशिवाय सूर असा उगवत नाही, हे साठ वर्षं वाजवलेल्या माणसाला कोण सांगणार? म्हणून कुणाच्या हातात गज आहे ते बघायला ते उठून आले होते.

पास्कूनं वाजवणं थांबवून नुसती करंगळी वर केली. मेस्त्री जवळ आले. मी स्टूल पुढं सरकवलं, ते बसले. पास्कूनं एक सूर परत करून दाखवला, हळू, बंद खुंटीपासून. त्यांनी वाकून बघितलं. मग काठी माझ्याकडं दिली आणि आपला उजवा हात पुढं करून त्या खुंटीवर ठेवला. डावा हात गेला होता, त्याची बोटं मुळांसारखी वळलेली. पण गज धरायचा तो उजवा. तो शाबूत होता.

पहिल्यांदा जमलं नाही. पास्कूनं तार छेडली त्याच क्षणी त्यांनी खुंटी फिरवली आणि टणकन आवाज झाला. दुसऱ्यांदा उशीर झाला. म्हातारा चिडला. आवाज चढवून, इगर्जीत पोरांना शिकवताना चढत असेल तसा, म्हणाला, "घाई करू नको. आदी तू तार सोड. मगे मी हाडतंय."

आधी तू तार सोड, मग मी आणतो.

आणि त्यांनी आणला. पास्कूच्या छेडण्याला बापाच्या मनगटाची ओढ मिळाली आणि सूर जो उठला तो मघाच्या कुठल्याही सुरापेक्षा वेगळा होता. पास्कूची करंगळी खुंटी नुसती उघडायची. हे मनगट तिला ओढून नेत होतं, मध्येच जरा थोपवत होतं, शेवटी हलकेच सोडत होतं. पास्कूनं मान वर करून बापाकडं बघितलं. बाप बघत नव्हता, त्याचे डोळे मिटलेले होते. किती वेळ चाललं मला माहीत नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. माय दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

मग सूर चरचरायला लागला. सेल संपत आले होते. मी हात जोडून बसलो होतो, अजून एक मिनिट, अजून एक. आवाज बारीक झाला, पातळ झाला आणि गेला. पास्कूनं तारांवरचा हात उचलला. खळ्यातली दोघं-चौघं, झालं असं समजून, उठायला लागली.

मेस्त्रींचं बोट खुंटीवर तसंच होतं.

"मी थांबाक सांगलंय काय?" ते म्हणाले.

उठलेली माणसं परत खाली बसली. पास्कूनं डावा हात तारांवर ठेवला आणि विजेवाचून, टिक टिक, पहिल्या सुरापासून पुन्हा सुरुवात केली.